संगणकातले मालक आणि गुलाम : शब्दबदलाचा वाद आणि आपण

हैदराबादच्या मराठी घरांतून आता एक तरी माणूस रोज सकाळी माधापूर किंवा गच्चीबावलीची वाट धरतो. त्यामुळे 'मास्टर ब्रँच'ची 'मेन ब्रँच' झाली, 'ब्लॅकलिस्ट'ची 'ब्लॉकलिस्ट' झाली, 'स्लेव्ह'चा 'रेप्लिका' झाला, हे बऱ्याच घरांत कानावर आलेले आहे. हा बदल कशासाठी झाला असे विचारले, की तरुण मंडळींकडून बहुधा एकच उत्तर मिळते: "अमेरिकनांचे चोचले, दुसरे काय!" आम्हाला हे उत्तर अर्धे पटते. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

ज्यांचा संगणकाशी संबंध फक्त मोबाइलपुरता आहे त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. बँकेतल्या खात्यांची माहिती एकाच यंत्रावर ठेवली आणि ते यंत्र बंद पडले, तर सगळाच कारभार ठप्प. म्हणून नोंदी एका यंत्रावर लिहायच्या आणि त्यांची हुबेहूब नक्कल आणखी दोनचार यंत्रांवर सतत उतरवत राहायचे, अशी व्यवस्था असते. लिहिणाऱ्या यंत्राला 'मास्टर' आणि नक्कल उतरवणाऱ्याला 'स्लेव्ह' म्हणायची पद्धत होती. मास्टर म्हणजे मालक, स्लेव्ह म्हणजे गुलाम. हीच जोडी इतरत्रही भेटते. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून ज्यांनी घरी संगणक जोडले, त्यांना दोन हार्ड डिस्क बसवताना एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह करण्यासाठी जंपरची ती इवलीशी टोपी चिमट्याने सरकवल्याचे आठवत असेल. गाडीच्या क्लचमध्ये आजही मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर असतात, आणि मेकॅनिक ती नावे अगदी सहज घेतो.

ही जोडी तंत्रज्ञानात आली कुठून, याचा माग रॉन इग्लॅश या अमेरिकी अभ्यासकाने २००७ साली एका लेखात घेतला. त्यांना सापडलेला सर्वांत जुना वापर १९०४ सालचा, आणि तो दक्षिण आफ्रिकेतला! केप टाउनच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी तिथल्या घड्याळाचे वर्णन करताना, दुसऱ्या घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या घड्याळाला 'स्लेव्ह' म्हटले. ज्या वसाहतीत १८३४ पर्यंत माणसांची कायदेशीर खरेदीविक्री होत होती, तिथे सत्तर वर्षांनी हा शब्द घड्याळाला लागला. संगणकाच्या संदर्भात त्यांना तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात सापडतो. म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा कायदा झाला त्याच वर्षी. गुलामगिरी चालू होती तेव्हा ही उपमा कुणाला सुचलेली दिसत नाही. ती कायद्याने संपल्यावर, शब्दाला धार उरली नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती सुचली.

वादालाही आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या खरेदी विभागाने पुरवठादारांना पत्र लिहून यंत्रांवर 'मास्टर-स्लेव्ह' अशा चिठ्ठ्या लावू नका अशी विनंती केली, तेव्हा जगभर थट्टाच झाली. २०१४ मध्ये जँगो आणि ड्रुपल या वेबसाइट बांधायच्या दोन लोकप्रिय साधनांनी शब्द बदलले. जँगोवाल्यांनी आधी 'लीडर-फॉलोअर' घेतले, ते जमले नाही म्हणून 'प्रायमरी-रेप्लिका' घेतले. २०१६ मध्ये जेंकिन्सने 'स्लेव्ह'चा 'एजंट' केला. २०१८ मध्ये पायथन भाषेत हाच प्रस्ताव आल्यावर इतकी खडाजंगी झाली, की भाषेचे जनक खिडो व्हान रॉसम यांना मध्ये पडावे लागले. त्याच सुमारास रेडिस या डेटाबेसचे इटालियन कर्ते साल्वातोरे सानफिलिपो यांनी, आपल्याला हा बदल फारसा गरजेचा वाटत नाही हे स्पष्ट सांगून, तरीही नवी आज्ञा आणली आणि जुनीही चालू ठेवली. त्यांच्याकडे 'स्लेव्ह' गेला, 'मास्टर' राहिला.

मग २०२० चा मे महिना उजाडला. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि जी गोष्ट सोळा-सतरा वर्षे रखडत चालली होती ती सोळा-सतरा दिवसांत मार्गी लागली. गिटहबच्या प्रमुखांनी जूनमध्ये बदलाची घोषणा केली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तिथल्या प्रत्येक नव्या प्रकल्पाची मुख्य शाखा 'मेन' नावाने उघडू लागली. जुलैमध्ये लिनक्सच्या गाभ्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी नवे शब्द वापरण्याचा नियम मान्य केला. मायएसक्यूएल, ट्विटर, सगळेच रांगेत आले.

या घाईवर टीका झाली आणि ती रास्तच होती. गिटहबचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांशी असलेला करार मोडा, अशी मागणी २०१९ मध्ये त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी केली होती. कंपनीने ती मानली नाही. शाखेचे नाव बदलणे मात्र लगेच जमले, कारण त्यात पैसा बुडत नव्हता. शब्द हा असा स्वस्तातला प्रायश्चित्तविधी होऊ शकतो, हे ज्यांना तेव्हा दिसले त्यांची नजर चुकलेली नव्हती.

पण टीका रास्त असली तरी सगळे शब्द एका मापाने मोजता येत नाहीत. आमच्या मते 'स्लेव्ह' जायलाच हवा होता, आणि त्याला भावनेपलीकडचेही कारण आहे: तो शब्द मुळात चूक होता. डेटाबेसमध्ये मास्टर बंद पडला की स्लेव्हलाच बढती मिळून तो मास्टर होतो. सारी व्यवस्था त्यासाठीच तर उभारलेली असते. अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यात मालक मेला म्हणून गुलाम कधी मालक झाला? हार्ड डिस्कच्या बाबतीत तर मास्टर डिस्क स्लेव्ह डिस्कवर हुकूमत चालवतच नव्हती. दोघी आपापले काम स्वतंत्रपणे करायच्या, फक्त एकीचा क्रमांक शून्य आणि दुसरीचा एक. 'प्रायमरी' आणि 'रेप्लिका', म्हणजे मूळ आणि प्रत, हे शब्द काय चालले आहे ते नेमके सांगतात. नवशिक्या मुलाला 'रेप्लिका' म्हटले की निम्मे समजते. 'स्लेव्ह' म्हटले की आणखी दहा मिनिटे समजावत बसावे लागते. ट्विटरमध्ये बदलाची सुरुवात फ्लॉइड यांच्या मृत्यूच्या आधीच झाली होती, ती एका कृष्णवर्णीय अभियंत्यामुळे. कामाच्या एका ईमेलमध्ये 'स्लेव्ह'ला आपोआप पुन्हा सुरू करण्याबद्दलचा मजकूर त्याने वाचला. त्या क्षणी त्याला काय वाटले असेल याची कल्पना करायला फार संवेदनशील असावे लागत नाही.

'मास्टर' एकटा असतो तेव्हा प्रकरण वेगळे होते. मराठी कानाला तर या शब्दात मालक ऐकूच येत नाही. आपले मास्तर शाळेत होते, स्टेशनवर होते, पोस्टात होते. टेलरमास्तर अजून आहेत. रंगभूमीवर मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव होते. गिटमध्ये २००५ साली हे नाव ज्यांनी ठेवले त्या पेत्र बाउदिश यांनीही पुढे सांगितले, की आपल्या मनात गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाला मास्टर म्हणतात तो अर्थ होता. मात्र 'मेन' ठेवले असते तर बरे झाले असते, असेही त्यांनी कबूल केले. त्यामुळे आपल्या मुलांना हा बदल अगम्य वाटला यात नवल नाही. त्याची झळही बसली ती नवशिक्यांनाच. जुन्या पुस्तकात किंवा व्हिडिओत पाहून पोराने 'मास्टर'वर काम पाठवायची आज्ञा द्यावी आणि त्या नावाचे काही सापडत नाही असा लाल संदेश यावा. वर्गात इंग्रजीची आधीच धास्ती, त्यात ही भर. खुद्द गिटने मात्र घाई केली नाही. हवे ते नाव ठेवायची सोय २०२० मध्येच दिली आणि ठरीव नाव बदलायचे काम तिसऱ्या मोठ्या आवृत्तीवर सोपवले. आम्हाला ही चाल अधिक शहाणपणाची वाटते.

'ब्लॅकलिस्ट'चे त्याहून गुंतागुंतीचे आहे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आहे आणि त्याचा जन्म माणसाच्या कातडीच्या रंगातून झालेला नाही. पण 'काळे ते वाईट, पांढरे ते चांगले' ही वाटणी त्यात आहेच, आणि ती आपल्याकडेही आहे. काळा बाजार, काळा पैसा, काळे धंदे, तोंडाला काळे फासणे. उलट बाजूला पाहावे तर शेतकऱ्याची काळी आई, पंढरपूरचा सावळा, उन्हाळ्यात पाटीतून येणारी काळी मैना. मराठी भाषेने काळ्या रंगाला एकाच खुंटीला बांधलेले नाही. ती सोय इंग्रजीत तितकी नसावी. शिवाय 'ब्लॉकलिस्ट' आणि 'अलाउलिस्ट' हे शब्द कामही चोख करतात: एक अडवते, दुसरी सोडते.

आता "पण यात आमचा काय संबंध?" या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न विचारणारा असे धरून चालतो, की गुलामगिरी ही तिकडची गोष्ट आणि तिचे ओझे तिकडच्या शब्दांवर. दख्खनमध्ये राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार ज्याने वर्षानुवर्षे पेलला, मोगलांना जेरीस आणले, खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर वसवले, तो मलिक अंबर इथिओपियातून हातोहात विकला जात आलेला गुलाम होता. (वर आम्ही विचारले, की गुलाम कधी मालक झाला? अमेरिकेत नाही, पण आपल्या मराठवाड्यात झाला, असे कुणी म्हणेल तर ते खोडता येणार नाही.) आपल्या शहरात मासब टँकजवळच्या वस्तीला 'ए. सी. गार्ड्स' म्हणतात. त्यातले 'ए' म्हणजे आफ्रिकन. निजामाच्या आफ्रिकी घोडदळाचे ते ठाणे, आणि त्या शिपायांचे वंशज आजही तिथे राहतात. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी खरेदीविक्रीच्या कागदांत आहेत. आणि पत्त्यांच्या कॅटमध्ये राजा-राणीच्या खालोखाल आपण सगळ्यांनीच गुलाम टाकला आहे.

गुलाम हा शब्द आपल्याकडे उलट्या दिशेनेही चालतो. शेजारच्या घरात गुलाम रसूल असतो, आपल्याकडे रामदास. दोन्हींचा अर्थ तोच, आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नाही, कारण ते नाव देवापुढे स्वतःहून घेतलेले आहे. तोच शब्द दुसऱ्याने लादला की शिवी होते. शब्दबदलाच्या कुठल्याही वादात आम्ही हाच प्रश्न आधी विचारू: हे नाव कुणी ठेवले आणि बदल कुणी मागितला?

या प्रश्नाचा आपल्याला चांगलाच सराव असायला हवा. गांधीजींनी 'हरिजन' हा शब्द मायेने रूढ केला, पण ज्यांना तो लावला गेला त्यांतल्या अनेकांना त्यातली कणव नको होती. १९८२ साली केंद्र सरकारनेच जातीच्या दाखल्यांवर तो लिहू नये असे राज्यांना कळवले. उलट 'दलित' हा शब्द त्या समाजाने स्वतः उचलला, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तो अभिमानाने मिरवला. आणि २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या प्रकरणानंतर, वाहिन्यांना तो टाळण्याचा सल्ला दिला. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले तेव्हाही अपंगांच्या अनेक संघटनांनी विचारले होते, की रॅम्प आणि स्वच्छतागृहे नसताना आम्हाला दिव्यत्व कशाला? वरून आलेला गोड शब्द आणि खालून आलेला कडू शब्द यांत निवड करायची झाली तर आम्ही कडू शब्दाच्या बाजूने उभे राहू.

योगायोग असा, की सॉफ्टवेअरच्या जगात हे सगळे चालू होते त्याच २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे यावीत असा तो निर्णय. त्यावरही तेच दोन आक्षेप आले: नावाने काय होते, आणि जात का पाटीवरून जाते? जात पाटीवरून जात नाही, हे खरे. पण पत्त्यात ज्याला रोज आपली जात लिहावी लागते, शाळेच्या अर्जावर, पोस्टाच्या पाकिटावर, नोकरीच्या मुलाखतीत, त्याने पाटी बदला म्हटले तर ते चोचले होत नाहीत.

इथेच जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले, कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून फुल्यांना जे दिसले, की तिकडचा गुलाम आणि इकडचा शूद्रातिशूद्र एकाच जोखडाखाली आहेत, ते आज कॅलिफोर्नियात बसलेल्या आपल्या माणसांना दिसते का?

कारण तो जून २०२० आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावा लागेल. गिटहबने घोषणा केली त्याच महिन्याच्या ३० तारखेला कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. आरोप असा, की कंपनीतल्या एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, आणि हा आयआयटीत आरक्षणातून आला आहे असे त्यातल्या एकाने सहकाऱ्यांना सांगितले. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक ऑक्टोबरात राज्यपालांनी नाकारले. खटल्यात काय खरे, काय खोटे, ते न्यायालय बघेल. आम्हाला त्यातले एकच वाक्य छळते: आरक्षणातून आला आहे. ते वाक्य कोणत्याही संगणकाच्या आज्ञावलीत नसते. ते कँटीनमध्ये असते. आपल्या मराठी अभियंत्यांच्या घोळक्यात ते आणखी घरगुती रूपात येते. "कोट्यातला दिसतोय." "आडनाव काय म्हणालास?" "मूळ गाव कुठलं, म्हणजे गावात घर कुठे?" "आपल्यातलाच आहे." यातला एकही शब्द शिवी नाही, म्हणून एकही शब्द कुठल्याही कंपनीच्या नियमावलीत सापडणार नाही.

'स्लेव्ह' शोधून काढायला यंत्राला एक मिनिट लागते. 'आपल्यातला' शोधून काढायचे साधन नाही. 'स्लेव्ह'ला चोचले म्हणून हसणाऱ्या आपल्या मित्रांवर आमचा राग नाही. मात्र ज्या शब्दाचे ओझे कृष्णवर्णीय सहकाऱ्याला जाणवते तो आपल्याला हलका वाटतो, तसेच 'कोटा' हा शब्द आपल्याला हलका वाटत असेल तर तो कुणाला जड जातो, एवढे तरी त्यांनी पाहावे.

व्यवहाराचे दोन शब्द. लिनक्सचा नियम आम्हाला वाखाणण्यासारखा वाटतो: नवीन लिहाल ते नव्या शब्दांत, जुने जिथे लोकांच्या कामात रुतून बसले आहे तिथे मोडतोड नको. मायएसक्यूएलने २०२० पासून नव्या आज्ञा दिल्या, जुन्या काही वर्षे चालू ठेवल्या आणि २०२४ च्या ८.४ आवृत्तीत काढून टाकल्या. ज्यांच्या जबाबदारीवर जुन्या बँका किंवा पतसंस्थांच्या प्रणाली आहेत, त्यांनी आवृत्ती बदलण्यापूर्वी आपल्या जुन्या स्क्रिप्ट तपासून घ्याव्यात. नाहीतर एखाद्या रात्री फोन वाजायचा.

मराठीत संगणकशास्त्र लिहिणाऱ्यांना मात्र या वादातून एक आयती सोय मिळाली आहे. 'स्लेव्ह'ला मराठी प्रतिशब्द कधी रुळलाच नाही, आपण इंग्रजीच वापरत आलो. त्यामुळे आपल्याला काही पुसायचे नाही. 'मुख्य' आणि 'प्रत', 'मनाई यादी' आणि 'परवानगी यादी' हे शब्द साधे आहेत, तेलुगू माध्यमातून शिकलेल्या सहकाऱ्यालाही निम्मे कळतील. कंत्राटदार काळ्या यादीत टाकला, असे वर्तमानपत्र उद्याही लिहील, आणि ते लिहीना का. आपल्या मुलांच्या वह्यांत 'मनाई यादी' आली तरी पुरे.